विकायला दारात येता, तर परत न्यायलाही दारात या

प्रति,
ऑनलाइन हिऱ्यांचे दागिने विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि ग्राहक तक्रार अधिकारी

प्रत : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, भारतीय मानक ब्युरो, गोवा सरकारचे नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खाते

महोदय, महोदया,

‘तुमची परताव्याची विनंती मान्य आहे. मात्र तुमच्या पिनकोडवर पिकअपची सोय नसल्याने दागिना स्वखर्चाने व स्वतःच्या जबाबदारीवर आमच्या कार्यालयात पाठवावा,’ असा मेल तुमच्यापैकी एका कंपनीने मला धाडला आहे. याच पिनकोडवर तुमचा माणूस दागिना घेऊन आला होता. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, सातेरीच्या देवळाकडून आत वळून, तुळशीपाशी उभे राहून त्याने माझ्याकडून ओटीपी घेतला. मोबाइलला रेंज नव्हती तर अंगणभर फिरून रेंज येईपर्यंत बिचारा थांबलासुद्धा. आणताना तुम्हाला हा रस्ता सापडला होता. नेताना तो कसा हरवला?

मेलला मेलने उत्तर देऊन झाले, फोनही झाले. मग तुमच्यातल्या इतरांच्या अटी काढून वाचल्या आणि लक्षात आले की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. म्हणून हे पत्र जाहीर, आणि सगळ्यांना. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. तिच्याकडे माझा तक्रार क्रमांक आहे.

माझी सगळी नोकरी एका सहकारी पतसंस्थेत, सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर गेली. पाटल्या, गोठ, तोडे, मंगळसूत्रे चवथीच्या तोंडावर गहाण यायची आणि काजूचा हंगाम संपला की सुटायची. खड्यांचा दागिना आला की आमचे शेट, म्हणजे सोनार, काटा लावून खड्यांचे वजन वजा करायचे, आणि कर्ज मिळायचे ते उरलेल्या सोन्यावर. हिऱ्याची अंगठी घेऊन आलेल्या बाईला ‘हिऱ्याचे इथे काही धरत नाहीत’ हे सांगायचे काम माझे. तिचा उतरलेला चेहरा बघून मी नेहमी मनात म्हणायचे, हे हिला विकताना कुणी का सांगितले नाही? तरीही लेकीच्या लग्नाला सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या घ्यायच्या ठरल्या. गुंतवणूक म्हणून नव्हे, हौस म्हणून. हौसेचा हिशेब मी मांडत बसत नाही, पण हौसेचे पैसे घेणाऱ्याने तो चोख द्यावा एवढी अपेक्षा आहे.

तुमच्याकडे यायचे कारणही सांगते, म्हणजे मी ऑनलाइन खरेदीच्याच विरोधात आहे असा समज नको. बाजारातल्या दुकानांत हिऱ्याच्या दागिन्याचा भाव विचारला तर एकच ठोक आकडा मिळतो. फोड मागितली की ‘वहिनी, तुम्हाला म्हणून एवढे कमी केले’ यापुढे गाडी जात नाही. तुमच्या साइटवर सोन्याचे किती, हिऱ्यांचे किती, मजुरी किती, वर ३ टक्के जीएसटी किती, हे निदान ओळीने लिहिलेले दिसले. हे तुम्ही चांगले केले आहे. माझी तक्रार आहे ती त्या ओळींमध्ये जे नाही त्याबद्दल.

पहिला मुद्दा हिरा कुठला याचा. पानावर मोठ्या अक्षरांत ‘डायमंड’ होते. हे हिरे प्रयोगशाळेत तयार केलेले आहेत ही गोष्ट ‘अधिक तपशील’ या बटणाखाली, त्याच्या आत आणखी एका घडीत, बारीक अक्षरांत होती. प्रमाणपत्रावर मात्र स्पष्ट : लॅब-ग्रोन, सीव्हीडी (वायूतून कार्बनचे थर चढवून हिरा वाढवायची पद्धत). प्रयोगशाळेतला हिरा खोटा असतो असे मी म्हणत नाही. तोही कार्बनच, तितकाच कठीण, तितकाच झगझगीत. आपल्या पंतप्रधानांनी २०२३ मध्ये तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना ७.५ कॅरटचा भेट दिला तोही तसलाच होता, आणि सांगूनसवरून दिला होता. ज्याला तो हवा त्याने आनंदाने घ्यावा. प्रश्न किमतीचा आहे आणि पुढच्या किमतीचा आहे. खाणीतल्या हिऱ्याच्या मानाने हा बराच स्वस्त मिळतो, गेल्या काही वर्षांत त्याचे भाव झपाट्याने उतरलेत, आणि तुमच्यातल्या कित्येकांच्या, जुना दागिना बदलून देण्याच्या योजनांत या दोन हिऱ्यांना वेगवेगळे नियम आहेत. म्हणजे फरक तुम्हाला पक्का ठाऊक आहे. तो माल परत घेताना जितका ठळक असतो तितकाच विकताना ठळक ठेवा.

हा फरक आमचा आम्हाला कळत नाही, ही यातली खरी गोम आहे. प्रमाणपत्र हातात पडल्यावर मी कुड्या घेऊन ओळखीच्या शेटांकडे गेले. त्यांच्याकडे पेनासारखे यंत्र आहे. टोक खड्याला टेकवले की उष्णता किती भराभर वाहते ते बघून यंत्र वाजते. झिरकॉन असता तर ते गप्प राहिले असते. इथे लगेच वाजले. पण शेट स्वतःच म्हणाले, ‘बाई, याच्यावर जाऊ नका. खाणीतला काय नि मशीनमधला काय, दोघांना हे सारखेच वाजते.’ दोन्हींचा पदार्थ एकच, मग यंत्राला वेगळे काय दिसणार? फरक खात्रीने पकडायला खास, महागडी यंत्रे लागतात. म्हणजे सोन्याचा कस लावता येतो, मोती निरखता येतो, पण हिऱ्याच्या बाबतीत गावची बाई आणि गावचा सोनार दोघेही तुमच्या कागदावर अवलंबून. आणि तोच कागद तुम्ही घडीत घालता.

सरकारकडे याबाबत नियम नाही असेही नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५७६६ : २००७ या मानकात नुसता ‘डायमंड’ हा शब्द नैसर्गिक हिऱ्यासाठीच राखलेला आहे, कृत्रिम असेल तर तसे सोबत लिहायचे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये या धंद्यातल्या मंडळींना बोलावून हे पुन्हा बजावलेसुद्धा. त्यानंतरही मोठी अक्षरे मोठीच आहेत आणि बारीक अक्षरे बारीक.

आता कॅरट. ‘एकूण ०.७० कॅरट’ असे लिहिलेले वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे टपोरा खडा येतो. एका कुडीत सात, दोन्हींत मिळून चौदा खडे, म्हणजे प्रत्येकी जेमतेम ५ सेंट (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग). असा गोल खडा सुमारे अडीच मिलिमीटर व्यासाचा भरतो. एकच ०.७० कॅरटचा खडा पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास जातो आणि खाणीतला असेल तर त्याची किंमत चौदा बारक्या खड्यांच्या बेरजेच्या कितीतरी पट असते, कारण मोठा खडा दुर्मिळ. हे तुमच्याकडच्या प्रत्येक विक्रेत्याला तोंडपाठ असते. मग पानावर नुसती बेरीज का? एका खड्याचे वजन आणि मिलिमीटरमधले माप का नाही? वरून फोटो असा की कुडी पडद्याला पुरून उरते. प्रत्यक्षात डबी उघडल्यावर लेकीने आधी मला विचारले, ‘आई, दुसरी डबी कुठे आहे?’

याच ओळीत सोन्याचे वजनही येते. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेव्हा ०.७० कॅरट हिरे म्हणजे ०.१४ ग्रॅम. पानावर मला जे वजन ठळक दिसले ते खड्यांसकट, आणि निव्वळ सोने किती ते शोधावे लागले. सोन्याच्या आजच्या भावात ०.१४ ग्रॅमही कुणी फुकट सोडत नाही. हॉलमार्कच्या नियमांप्रमाणे बिलावर निव्वळ वजन, कस आणि हॉलमार्किंगचे शुल्क वेगळे दाखवायचे असते. बिलावर ते होते, हे प्रामाणिकपणे सांगते. पण बिल पैसे भरल्यावर येते.

हॉलमार्कबद्दल एक गोष्ट ग्राहकांसाठी, तुमच्यासाठी नव्हे. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क क्रमांक, आणि ‘१८के७५०’ हा शिक्का सोन्याविषयी बोलतो. हिऱ्याविषयी तो अवाक्षर काढत नाही. मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर एचयूआयडी तपासला, बरोबर निघाला, म्हणजे हिराही पास झाला, असे समजू नका. आमच्या खिडकीवर येणारे निम्मे लोक तसेच समजायचे.

प्रमाणपत्राचेही थोडे बोलले पाहिजे. सुटा मोठा हिरा प्रयोगशाळेत तपासला जातो तेव्हा त्याचा रंग, क्लॅरिटी (आतून किती निर्मळ), कट (पैलू कसे पाडले), वजन नेमके नोंदवता येते, आणि पुष्कळदा त्याच्या कडेवर लेझरने नंबरही कोरतात. कुड्यांतले बारके खडे मात्र बसवलेल्या अवस्थेत तपासलेले असतात. तिथे वजन अंदाजाने आणि रंग-क्लॅरिटी ‘जी-एच’ (रंगाच्या दोन प्रती), ‘व्हीएस-एसआय’ (क्लॅरिटीच्या दोन, त्यातली पहिली चांगली) अशा पट्ट्यात येते. यात प्रयोगशाळेची लबाडी नाही, कामाची मर्यादा आहे. पण तुमच्या जाहिरातीत दोन्ही प्रमाणपत्रे एकाच सुरात ‘सर्टिफाइड’ म्हणून वाजतात. व्हीएस आणि एसआय यांच्या भावात फरक असतो. मी पैसे दिले ते या पट्ट्याच्या कुठल्या टोकाचे? फोनवरच्या मुलीला विचारले, तर तिने मला ऑफर सांगितली.

ऑफर हा एक वेगळाच विनोद आहे. मजुरीवर शंभर टक्के सूट, फक्त आज, दोन तास उरले, घड्याळ उलटे पळते आहे. पान बंद करून पुन्हा उघडले की पुन्हा दोन तास. खोटी घाई दाखवून खरेदी करवून घेणे हा ‘डार्क पॅटर्न’ आहे आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याला मनाई आहे. त्याच सूचनांत, ग्राहकाने न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणेही येते. माझ्या बिलात दागिन्याचा विमा आधीच टिक करून ठेवलेला होता. सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो, वर्तमानपत्रात छापून येतो. हिऱ्याला तसा नाही. व्यापारी आपसांत हिऱ्यांच्या भावांची डॉलरमधली रॅपापोर्टची यादी बघतात, ती आमच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा मजुरी सोडली म्हणता ती हिऱ्याच्या भावात परत लावली की नाही, हे बघायला आमच्याकडे काहीही साधन नाही.

आता मूळ दुखणे. एका कुडीची फिरकी धरत नव्हती, दोन वेढ्यांनंतर घसरायची. आणि त्याच कुडीतला एक खडा काट्यांमध्ये हलत होता. बोट लावले की कळायचे. कानात घालून वरातीत फिरायची वस्तू ही. आठवडाभरात कळवले, फोटो पाठवले, व्हिडिओ मागितला तोही पाठवला. तेव्हा तो मेल आला. ‘स्वखर्चाने, स्वतःच्या जबाबदारीवर’. म्हापशाच्या कुरिअर कचेरीत आत काय आहे विचारले, दागिना म्हटल्यावर त्यांनी पाकीट परत माझ्याकडे सरकवले. खोटे लिहून पाठवा असा सल्लाही एकाने दिला. वाटेत हरवले तर मग मी कुणाच्या नावाने बोंब मारायची?

फोन केला तर पलीकडचा मुलगा हिंदीतून म्हणाला, ‘मॅडम, आप गोवा घूमने आए हैं न? घर का परमनंट ॲड्रेस दीजिए, वहाँ से पिकअप हो जाएगा.’ मी म्हटले, बाबा, हेच घर. त्याला ते पटेना. गोव्यात लोक राहतातही, शेती करतात, पोरांची लग्ने करतात, ही बातमी तुमच्या कॉल सेंटरपर्यंत पोचलेली दिसत नाही. आणि हिऱ्यांचे म्हणाल, तर पणजीच्या नगर उद्यानाला ज्यांचे नाव आहे ते पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता गोव्यात बसून हिऱ्यांविषयी लिहीत होते, आणि ते इथेच १५६३ मध्ये छापलेही गेले. हिऱ्याची पूड विषारी असते ही समजूत त्यांनी तेव्हाच खोडून काढली होती. तुमचा पिनकोडचा गैरसमज त्यापेक्षा सोपा असावा.

दुसऱ्या मेलमध्ये नवे कलम निघाले : फिरकीच्या दांडीची लांबी मी निवडली होती, म्हणून दागिना ‘ग्राहकाच्या मागणीनुसार बनवलेला’, सबब मजुरी आणि प्रमाणपत्राचे पैसे कापून परतावा मिळेल. दांडीची लांबी! साइटवर तीन पर्याय होते, त्यातला एक निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते.

ई-कॉमर्सविषयीचे ग्राहक संरक्षण नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचे. त्याचे नाव आणि संपर्क साइटवर ठळक असायला हवा. माझ्या तक्रारीला पोच आली ती यंत्राची होती, खाली माणसाचे नाव नव्हते. सध्या कुड्या माझ्या कपाटात आहेत आणि पैसे तुमच्या खात्यात. लग्नात लेकीने आजीच्या मोत्याच्या कुड्या घातल्या, चांगल्या दिसल्या. पण त्यामुळे तुमचे देणे फिटत नाही.

तुमच्या अटींच्या तळाशी, वाद झाल्यास अमुक शहरातल्या न्यायालयातच, असे वाक्य असते. ते वाचून माणसे घाबरतात आणि गप्प बसतात, बहुधा त्यासाठीच ते असते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. उत्तर गोव्यातल्या माणसाला पर्वरी पुरे, दक्षिणेतल्याला मडगाव. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्कही नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी सल्ला मिळतो. हे कंपन्यांना माहीत आहेच, वाचणाऱ्यांसाठी लिहिले.

तर मागण्या अशा.

दागिन्याच्या नावातच, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘नैसर्गिक हिरा’ किंवा ‘प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा’ असे लिहा. किमतीच्या शेजारी खड्यांची संख्या, एका खड्याचे वजन व मिलिमीटरमधले माप आणि सोन्याचे निव्वळ वजन द्या, पैसे भरण्याआधी. कानात किंवा बोटात घातलेल्या दागिन्याचा एक तरी खऱ्या मापाचा फोटो ठेवा.

ज्या पिनकोडवर माल पोचवता त्या प्रत्येक पिनकोडवरून तो परत उचला. खर्च तुमचा, विमा तुमचा, आणि दागिना तुमच्या माणसाच्या हातात पडला की जोखीमही तुमची. उचलायला माणूस नसेल तर तिथे विकू नका. पिनकोड टाकताच तसे सांगा, आम्ही फोंड्याच्या दुकानात जाऊ. सत्तरी, सांगे, काणकोणच्या लोकांनीही हे आधी तपासावे.

दोष असलेल्या दागिन्यावर कसलीही कपात नको, मग दांडीची लांबी कुणीही निवडलेली असो. बदली आणि पुनर्खरेदीच्या अटी बिलावर छापा आणि त्या बिलापुरत्या कायम ठेवा. ‘आजन्म’ म्हणून विकायचे आणि ‘अटी केव्हाही बदलू शकतात’ म्हणून सुटायचे, हे दोन्ही एका पानावर चालणार नाही. महत्त्वाच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क गोव्यातल्या ग्राहकाला मराठीत व कोकणीत मिळावा.

मानक ब्युरो आणि प्राधिकरणाकडे मागणी एकच : सोन्याचा कस सक्तीने शिक्क्यावर आला, तसा हिऱ्याचा प्रकार सक्तीने बिलावर यावा. आणि आमच्या नागरी पुरवठा खात्याने डिसेंबरातल्या ग्राहक दिनाला पणजीत भाषणे करण्याऐवजी एखाद्या पंचायतीत येऊन लोकांना पर्वरीला तक्रार कशी नोंदवायची ते दाखवावे. खुर्च्या आम्ही मांडू.

ज्या कंपनीकडे माझे पैसे आहेत तिला वेगळे सांगते. नियमांनी तुम्हाला महिना दिला होता, तो उलटून गेला. आणखी पंधरा दिवस वाट बघते. या मुदतीत तुमचा माणूस आमच्या वाड्यावर येऊन पावती देऊन कुड्या घेऊन जाईल आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा होईल, तर विषय संपला. नाही तर तक्रारीचा मसुदा तयार आहे. सोबत तुमचा पिकअप नाकारणारा मेल, पोचवल्याची तुमचीच पावती आणि दोन्हींवरचा एकच पिनकोड जोडला आहे.

कळावे,

डिचोली तालुक्यातील एक ग्राहक